प्रायमरी पोझिशनच्या रकान्यात काय लिहू, असं विचारलंस म्हणून

प्रिय बाळा,

मंगळवारी बेसबॉलच्या मॅचनंतर तू गाडीत बसलास, सीटबेल्ट लावलास, ग्लोव्ह मांडीवर घेतलास आणि खिडकीकडे तोंड करून रडलास. मी काही विचारलं नाही. मग सिग्नलला थांबलो तेव्हा तू एकदम म्हणालास, मावशी, कॉलेजच्या त्या फॉर्मवर प्रायमरी पोझिशनचा, म्हणजे मैदानावरच्या मुख्य जागेचा, रकाना आहे, तिथे मी काय लिहू? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. तीन दिवस डोक्यात तेच चालू आहे म्हणून आज लिहायला बसले. मराठीत लिहितेय कारण तू सहावीपर्यंत पुण्यात शिकलायस, वाचता येतं तुला, आणि मला या गोष्टी इंग्रजीत मनासारख्या सांगता येत नाहीत.

तू चांगला खेळतोस वगैरे मी लिहिणार नाही. ते तुला माहितीये आणि त्याने तुझा प्रश्न सुटत नाही.

तू अजून एक बोललास, ते मला जास्त लागलं. म्हणालास, कोचला मी कुठेच नकोय म्हणून तो मला सगळीकडे ठेवतो. पाच वर्षं शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा, खेळलास, या वर्षी तुझ्यापेक्षा लहान पोरगा तिथे आला आणि तू तीन मॅच लेफ्ट फील्ड, दोन मॅच थर्ड बेस, आणि मंगळवारी दुसऱ्याचा मिट, तो फर्स्ट बेसचा मोठा ग्लोव्ह, घालून फर्स्ट बेस. वाईट वाटणारच, मला बघतानाच वाटत होतं. पण तू काढलेला अर्थ साफ चुकीचा आहे, आणि तो तसाच मनात धरून बसलास तर पुढची दोन वर्षं हातची जातील.

आधी हिशोब बघ. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यांत वरच्या लीगच्या, टीममध्ये २६ जण. त्यात पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, जास्तीत जास्त १३, आणि टीमा बहुतेक वेळा तेवढे घेतातच. राहिले १३. त्यातले आठ मैदानात, नववा डीएच, म्हणजे फक्त बॅटिंग करणारा, दहावा दुसरा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल घेणारा, कारण कॅचरला लागलं तर दुसरा पाहिजेच. उरले किती? तीन. बेसजवळच्या चार इनफील्ड आणि मागच्या तीन आउटफील्ड मिळून सात जागा, सिझन १६२ मॅचेसचा, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचा हात, कुणाला सुट्टी लागते, आणि हे सगळं त्या तीन माणसांवर. एकच जागा येणारा माणूस त्या तिघांत बसतच नाही. म्हणजे ज्याला सगळीकडे ठेवतात तो नको असलेला नसतो रे, त्याच्यावाचून कोचची लाइनअप लागत नाही. तुझ्या कोचला हे तुला समजावून सांगता येत नाही, ही त्याची कमी आहे, पण हिशोब तोच आहे.

आता बेन झोब्रिस्टचं सांगते. तुला तो शिकागो कब्सचा म्हणून माहितीये, मला तो युरेकाचा म्हणून माहितीये. आपल्या इलिनॉयमधलंच छोटं गाव, इथून दोन-सव्वादोन तास. पाद्र्याचा मुलगा. हायस्कूल संपत आलं तरी एकाही कॉलेजने त्याला बोलावलं नव्हतं. वाढदिवसाला मिळालेले ५० डॉलर भरून तो एका ट्रायआउटला गेला, आणि तिथून ऑलिव्हेट नाझरीन नावाच्या लहानशा युनिव्हर्सिटीत जागा मिळाली, तीही इथे बूरबोनेमध्ये. २००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या टीमा नवे खेळाडू निवडतात तिथे, ह्यूस्टनने सहाव्या राउंडला घेतला. शॉर्टस्टॉप म्हणून, तुझ्यासारखाच. २००६ मध्ये ह्यूस्टनने ऑब्री हफ या खेळाडूच्या बदल्यात त्याला टँपाला देऊन टाकला. टँपात पहिल्या वर्षी बॅटिंग ॲव्हरेज .२२४, म्हणजे हजारात २२४ हिट, दुसऱ्या वर्षी ३१ मॅचेसमध्ये .१५५. वाच परत, .१५५. आणि मग टँपाने जेसन बार्टलेटला आणलं, तो शॉर्टस्टॉप झाला. विषय संपला. याची जागा गेली.

तुझी जागा शाळेच्या टीमवरची गेलीये, त्याची मेजर लीगमधली गेली. इथे दोन रस्ते होते. एक, मी शॉर्टस्टॉप आहे म्हणत माझी जागा परत कधी मिळते त्याची वाट बघणे. दुसरा, ग्लोव्हची बॅग मोठी करणे. त्याने दुसरा धरला. मॅनेजर जो मॅडन त्याला कधी राइटला, कधी सेकंडला, कधी सेंटरला टाकायचा. २००९ च्या मे महिन्यात सेकंड बेसचा इवामुरा गुडघ्याला लागून बाहेर गेला आणि मग झोब्रिस्ट रोजच्या लाइनअपमध्ये आला. त्या वर्षी पिचर आणि कॅचर सोडून सातही जागा खेळला. ॲव्हरेज .२९७, होमरन २७, आरबीआय, म्हणजे त्याच्या बॅटिंगवर आलेले रन, ९१, ऑलस्टार मॅचला निवड. बॅटिंग, रनिंग, फील्डिंग सगळं मिळून काढतात तो वॉरचा आकडा घेतलास तर त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये पिचर सोडून सगळ्यांत वर हाच होता, एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळालेल्या जो मावरच्याही वर. एमव्हीपीच्या मतांमध्ये मात्र आठवा. हेही सांगते, कारण लपवून उपयोग नाही. सात जागा सांभाळणाऱ्याचं काम मत देणाऱ्यांना उशिरा दिसतं. युटिलिटीसाठी, म्हणजे अनेक जागा खेळणाऱ्यासाठी, वेगळा गोल्ड ग्लोव्ह, तो फील्डिंगचा मान, द्यायला त्यांनी सुरुवात केली ती २०२२ मध्ये, पहिले दोन लेमेह्यू आणि डॉनव्हन. तोपर्यंत झोब्रिस्ट खेळायचा थांबला होता.

माझं एकच म्हणणं आहे, ते पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नकोस. जागा शिकून घे. मिळालेल्या जागेवर उभं राहणं वेगळं आणि ती जागा शिकणं वेगळं. तू सध्या फक्त उभा राहतोयस.

रागावलास? थांब, दाखवते. मंगळवारी फर्स्ट बेसवर तुझ्याकडून दोन थ्रो सुटले. दोन्ही वेळा थ्रो निघायच्या आधीच तू पाय ताणून आडवा झाला होतास. टीव्हीवर तसं दिसतं म्हणून केलंस. आधी टाचेने बेस शोधायचा, थ्रो करणाऱ्याकडे छाती करून सरळ उभं राहायचं, बॉल कुठे येतोय ते बघायचं आणि मग त्या बाजूला पाय टाकायचा. आधीच ताणलास की बॉल दोन फूट बाजूला आला तरी तुला हलता येत नाही. हे कळायला टॅलेंट लागत नाही, कुणाला तरी विचारावं लागतं. तू विचारलं नाहीस, कारण तुझ्या मनात होतं की ही माझी जागाच नाही, तर विचारू कशाला.

लेफ्ट फील्डचंही तेच. तुला इनफील्डची सवय, बॅटचा आवाज आला की तुझे पाय पुढे पळतात. आउटफील्डमध्ये अंदाज आला नाही तर पहिलं पाऊल मागे, कारण पुढे पळत येणं सोपं आणि डोक्यावरून गेलेल्या बॉलमागे पळणं म्हणजे दोन बेस दिलेच. आणि लेफ्टला बॉल रेषेकडे वळतो, उजव्या बॅटरने ओढून मारलेलाही आणि डाव्याने उशिरा मारलेलाही. तू दोन वेळा बॉल आहे तिथे पळालास, तो येणार होता तिथे नाही. शॉर्टवर उभा असताना सेकंडच्या बेसकडे जातोस तेव्हा फर्स्ट तुझ्या डोळ्यांसमोर असतो, डबल प्लेचा, एका बॉलवर दोघांना बाद करायचा, थ्रो जमतो. सेकंड बेसमन झालास की फर्स्टकडे पाठ, रनर पायावर येतोय, तो दिसत नाही, आणि बॉल घेऊन वळून टाकायचा. कागदावर हा डबल प्ले ६-४-३ असा लिहितात, त्यात शॉर्ट ६ आणि सेकंड ४, शेजारशेजारचे आकडे. पायांसाठी दोन वेगळी कामं. आणि ग्लोव्ह! साडेअकरा इंची इनफील्डचा ग्लोव्ह घेऊन तू लेफ्टला उभा होतास, तिथे साडेबारा-पावणेतेरा इंचाचा लागतो. हे बाबांना सांगितलंस का? नाही. सांगितलं तर मी लेफ्ट फील्डर झालो असं होईल, म्हणून नाही.

मला हे इतकं कळतं कारण मी हेच केलंय.

तुला माहितीये मी जळगावला सॉफ्टबॉल खेळायचे, पण पुढचं मी कुणाला सांगत नाही. १९९४ साल. मी अकरावीत. शॉर्टस्टॉप, चार वर्षांची, जिल्ह्याच्या टीमची. राज्याच्या टीमसाठी कॅम्प लागला होता, आम्ही अठरा मुली, जाणार चौदा. पाचव्या दिवशी आमच्या कॅचरला कावीळ झाली आणि ती घरी गेली. सर ग्राउंडवर आले, सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून म्हणाले, तू उद्यापासून कॅच कर. मी म्हटलं, सर मी शॉर्टस्टॉप आहे. ते म्हणाले, माहितीये, म्हणूनच सांगतोय. मी परत म्हटलं, मी शॉर्टस्टॉप आहे. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान मुलगी उठली आणि म्हणाली मी करते. तिने आयुष्यात कधी मास्क घातला नव्हता. पॅड ढगळे होत होते, दोरीने बांधले. दहा दिवस ती सकाळी आमच्या आधी अर्धा तास यायची आणि भिंतीवर बॉल मारून खाली बसून घ्यायची, गुडघे सोलवटलेले असायचे. लिस्ट लागली. ती होती, मी नव्हते. शॉर्टस्टॉप दुसऱ्या जिल्ह्याची एक चांगली मुलगी होती, माझ्यापेक्षा चांगली होती हे मला त्याच कॅम्पमध्ये दिसत होतं, तरी मी म्हणत राहिले मी शॉर्टस्टॉप आहे.

सरांनी मला असं सगळ्यांसमोर बोट दाखवून सांगायला नको होतं. बाजूला घेऊन, बाई गं तुझे हात चांगले आहेत, शॉर्टला जागा नाही, कॅचर झालीस तर टीममध्ये येशील, एवढं एक वाक्य बोलले असते तर मी ऐकलं असतं. आजही मला वाटतं की निम्मी चूक त्यांची. पण त्या निम्म्या चुकीचं मी काय करू, तीस वर्षं झाली. माझी निम्मी मात्र मला रोज दिसते. म्हणून म्हणते, तुझ्या कोचला सांगता येत नाही म्हणून तू शिकायचं थांबवू नकोस. जागा शिकून घे आणि मग त्याच्यावर राग धर हवा तर.

इथे आले, लॅबमध्ये लागले, तेव्हा मी ठरवलं होतं की परत असं होऊ द्यायचं नाही. हिमॅटॉलॉजी, केमिस्ट्री, ब्लड बँक, मायक्रो, जिथे माणूस कमी पडेल तिथे मी गेले आणि प्रत्येक बेंचवर बसून नीट शिकले, सुट्टीच्या दिवशी मॅन्युअल वाचून. आमच्याकडे अशा माणसाला जनरलिस्ट म्हणतात. दोनदा लीडची जागा निघाली, दोन्ही वेळा मुलाखतीत विचारलं, तुमची स्पेशालिटी काय, आणि दोन्ही वेळा जागा एकाच बेंचवर सहा-सात वर्षं बसलेल्या माणसाला गेली. तुझी आई म्हणते तुझं नुकसान झालं. पैशाचं झालं, खरंय. पण एका रात्री ॲक्सिडेंटचा पेशंट आला, रक्ताच्या पिशव्यांवर पिशव्या मागवत होते, ब्लड बँकेत एकटी मुलगी आणि तीही नवी, आणि त्याच वेळी हिमॅटॉलॉजीचं मशीन बंद पडलं. मी दोन्हीकडे पळत होते, क्रॉसमॅच, म्हणजे रक्त जुळतंय का ते बघणं, तेही केलं आणि हाताने स्लाइड बनवून प्लेटलेट्स पण मोजल्या. पेशंट सकाळी वॉर्डात होता. त्या रात्रीसाठी मी सगळे बेंच शिकले होते असं मला वाटतं. लीड झाले नाही तरी मी बरोबर केलं. हे मी तुला पटवतेय की स्वतःला, ते आत्ता नको विचारूस.

एक फरक मात्र कर. सगळीकडे उभं राहण्याचा शो करू नकोस. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये कॅन्सस सिटीच्या टीमने बर्ट कँपानेरिसला एकाच मॅचमध्ये नऊच्या नऊ जागी खेळवलं, लोक यावेत म्हणून. दर इनिंगला नवी जागा. नवव्या इनिंगला तो कॅचर होता, होमप्लेटवर रनर येऊन धडकला आणि तो जखमी होऊन बाहेर गेला. कँपानेरिस फार मोठा शॉर्टस्टॉप होता, पुढे ओकलंडकडून तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगच्या फायनल, जिंकला, पण ती रात्र म्हणजे जाहिरात होती. आणि दुसरीकडे होजे ओकेंडो बघ, सेंट लुईसचा. १९८८ च्या सिझनमध्ये त्यानेही नऊच्या नऊ जागा खेळल्या, पण टीमला लागल्या तशा. त्याच वर्षी मे महिन्यात एक मॅच १९ इनिंग चालली, पिचर संपले, तर हा जाऊन चार इनिंग पिच करून आला. हरले ते शेवटी, पण चार इनिंग! लोक म्हणतात सगळं येतं त्याला नीट काहीच येत नाही. हाच ओकेंडो नंतर सेकंड बेसवर रोजचा झाला आणि १९९० च्या अख्ख्या सिझनमध्ये तिथे त्याच्या हातून फक्त ३ एरर झाले. तीन! सगळीकडे शिकलेल्या माणसाचे पाय असे तयार होतात. टॉमी एडमनचं तर तू डोळ्यांनी बघितलंस २०२४ ला, डॉजर्सकडून कधी शॉर्ट, कधी सेंटर, आणि नॅशनल लीगच्या फायनल सिरीजचा एमव्हीपी तोच.

आणि झोब्रिस्टचं मी अर्धवट सोडलं. २०१५ मध्ये तो सिझनच्या मध्यात कॅन्सस सिटीला गेला, सेकंड बेस खेळला, वर्ल्ड सिरीज जिंकला. मग कब्सने त्याला चार वर्षांसाठी ५६ मिलियन डॉलर देऊन आणला. २०१६ चा सिझनही तो मुख्यतः सेकंड बेसच खेळला. आता नीट वाच. प्लेऑफ आले आणि मॅडनने, इथेही मॅडनच, सेकंड बेस हावियर बायेझला दिला, तेवीस वर्षांच्या पोराला, आणि झोब्रिस्टला लेफ्ट फील्डमध्ये पाठवला. ३५ वर्षांचा माणूस, ऑलस्टार, त्याच वर्षी ऑलस्टारमध्ये सेकंड बेसला सुरुवात केलेला. त्याच्या जागी लहान पोरगा. तुझ्या मंगळवारसारखाच मंगळवार त्याच्याही वाट्याला आला, अख्ख्या देशासमोर. तो लेफ्टला गेला आणि लेफ्ट खेळला, कारण त्याला लेफ्ट येत होतं. वर्ल्ड सिरीजची सातवी, शेवटची मॅच, क्लीव्हलँडविरुद्ध, ६-६, मध्ये सतरा मिनिटं पाऊस, मग दहावी इनिंग. माझी सेकंड शिफ्ट होती, ब्रेकरूममध्ये टीव्हीसमोर आम्ही सात-आठ जण, एकेक जण आळीपाळीने मशीन बघून येत होतो. त्याच्या आधीच्या रिझोला क्लीव्हलँडने मुद्दाम वॉक, म्हणजे फुकट फर्स्ट बेस, दिला, म्हणजे झोब्रिस्टला बाद करू असा त्यांचा हिशोब. तो डाव्या हाताने उभा होता आणि त्याने बॉल उलट्या बाजूला, थर्ड बेसच्या रेषेला लागून काढला. सेकंडवरून अल्मोरा आला, ७-६. मॅच ८-७. कब्स वर्ल्ड सिरीज जिंकले, १९०८ नंतर पहिल्यांदा, १०८ वर्षांनी. एमव्हीपी झोब्रिस्ट. सिरीजमध्ये .३५७.

तो सेकंड बेससाठी हटून बसला असता तर बहुधा बेंचवर बसला असता, जळगावच्या एका मुलीसारखा. मला त्या रात्री रडू आलं ते कब्ससाठी नव्हतं.

तर आता रडून झालं असेल तर ऐक. कोचकडे सोमवारी जा आणि मला शॉर्ट कधी मिळेल असं विचारू नकोस. विचार की लेफ्टहून कटऑफला, म्हणजे मध्ये उभ्या असलेल्या इनफील्डरला, थ्रो कुठल्या उंचीवर हवा, फर्स्टला मी पाय कसा लावू. बाबांना सांग मोठा ग्लोव्ह लागेल, मिट आत्ता नको, शाळेचा वापर. शॉर्टचे ग्राउंड बॉल रोज घेच, ते सोडायचं मी कधीच म्हटलेलं नाही, ते तुझं मूळ आहे आणि झोब्रिस्टही तिथूनच निघाला होता. पण बाकीच्या जागा शिकून घे, बाळा. हातात ग्लोव्ह आहे म्हणून उभा राहू नकोस.

फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय ना. प्रायमरी पोझिशनला शॉर्टस्टॉप लिही, ते खरं आहे. खाली इतर पोझिशनसाठी जागा असेल तिथे सेकंड आणि थर्ड लिही. लेफ्ट फील्ड लिहायचं असेल तर शनिवारी आणि रविवारी सकाळी सातला पार्कवर ये, मी फंगो, ती सरावाची बॅट, घेऊन येते, शंभर फ्लाय मारते रेषेकडे, त्यातले ऐंशी घेतलेस तर लिही. फर्स्ट बेस लिहू नकोस. तो तुला अजून येत नाही.

तुझी,
मावशी